कोतवालाची सोयरीक

पोलिसांचे काय करावे, या प्रश्नावर अलीकडे तीन पक्ष पडलेले दिसतात. त्यांचे दोष काढून टाकून त्यांस सुधारावे, असे एक पक्ष म्हणतो. मूळ घडणच चुकलेली असल्यामुळे ती मोडून नव्याने करावी, असे दुसरा. आणि ही संस्थाच नाहीशी करावी, असे तिसरा. हा तिसरा पक्ष आपल्याकडे पुष्कळांस वेडगळपणाचा वाटेल. तथापि २५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनियापोलिस शहरी जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णी गृहस्थाने पोलिसाच्या गुडघ्याखाली प्राण सोडला, तेव्हा त्या शहराच्या नगरसभेतील बहुसंख्य सभासदांनी तेथील पोलिसखाते मोडीत काढण्याची जाहीर प्रतिज्ञा केली होती. पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या खात्याच्या जागी दुसरी व्यवस्था आणण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे आला आणि त्याच शहराने तो नाकारला. तेव्हा प्रश्न वेडगळ खास नव्हे. मात्र ज्यांनी तो इतक्या जोराने विचारला त्यांनाही त्याचे उत्तर अजून सापडलेले नाही.

हा विषय राज्यशास्त्राचा. वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात त्याचे काय काम, अशी शंका कित्येक वाचकांस येईल. तिचे उत्तर असे की, कायदेपंडितांनी या प्रश्नास हात घालण्याच्या कितीतरी आधी नाटककारांनी त्याचा विचार केलेला आहे. कालिदासापासून विजय तेंडुलकरांपर्यंत कोतवाल हे पात्र आमच्या रंगभूमीवर सारखे येत राहिले आहे. त्याचा पोशाख बदलला, भाषा बदलली, पण एक गोष्ट बदलली नाही: हा कोतवाल बहुधा सत्ताधाऱ्याचा सोयरा असतो. आमच्या नाटककारांनी पोलिसांचा मूळ दोष त्याच्या हातातील सोट्यात न पाहता या सोयरिकीत पाहिला, आणि तोच त्यांचा खरा शोध होय, असे आमचे मत आहे. या शोधाची किंमत काय आणि त्याची मर्यादा कोणती, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात विचार आहे.

प्रथम शाकुंतल घेऊ. सहाव्या अंकाच्या आरंभी एका गरीब कोळ्यास मुसक्या बांधून आणले जाते. माशाच्या पोटात राजाच्या नावाची अंगठी सापडली, हे तो खरे सांगतो. पण शिपाई त्याच्या धंद्याची टवाळी करतात आणि त्यास सुळी देण्यासाठी त्यांचे हात शिवशिवू लागतात. त्यांचा मुख्य जो नगररक्षक, तो कोण? तर राजाचा मेहुणा! कालिदासाने हे नाते सहज जाता जाता सांगितले आहे. त्यावर भाष्य केलेले नाही, कारण प्रेक्षकांस ते सांगावयाची गरज नव्हती. पुढे राजाकडून शिक्षेऐवजी बक्षीस येते, तेव्हा हेच शिपाई क्षणार्धात कोळ्याचे स्नेही बनतात, त्याच्या बक्षिसाचा निम्मा वाटा घेतात, आणि मंडळी मद्याच्या दुकानाकडे चालू लागतात. शकुंतलेचे दुःख गाणाऱ्या आमच्या टीकाकारांनी हा प्रवेश विनोदाचा म्हणून दोन ओळींत उरकला आहे. वास्तविक संपूर्ण नाटकात प्रजा म्हणून जो एक मनुष्य राजसत्तेच्या तावडीत सापडतो, तो हा कोळी होय. आणि त्याची सुटका न्यायाने होत नाही, राजाला अंगठी ओळखता आली म्हणून होते. ती ओळखता आली नसती तर? या प्रश्नाशी आपले हसू थांबावयास हवे होते.

शूद्रक याहून पुढे जातो. देवलांनी मराठी रंगभूमीवर आणलेल्या मृच्छकटिकात राजाचा मेहुणा कोतवाल नसून गुन्हेगार आहे. वसंतसेनेचा गळा आवळून तिच्या खुनाचा आरोप चारुदत्तावर घालणारा शकार न्यायमंदिरात येतो, तेव्हा न्यायाधीश प्रथम त्याचा दावा त्या दिवशी ऐकण्याचे नाकारतो. मेहुण्यास सांगून तुझी जागाच घालवतो, अशी शकाराची धमकी येताच दावा ऐकला जातो. न्यायाधीश दुष्ट नाही, अडाणीही नाही. फक्त त्याची नोकरी दुसऱ्याच्या सोयरिकीवर लटकलेली आहे. याच नाटकात वीरक आणि चंदनक हे दोन रक्षक रस्त्यावर गाडी तपासतात. आत राजाला नकोसा झालेला आर्यक लपलेला आहे. चंदनक त्यास अभय देतो, वीरकाशी भांडण उकरून काढतो आणि ते दोघे एकमेकांची जात काढण्यापर्यंत मजल जाते. हुकूम पाळणारा वीरक आणि शरणागतास राखणारा चंदनक, यांतील खरा रक्षक कोण, हा प्रश्न शूद्रकाने फारसा गाजावाजा न करता उभा केला आहे. शेवटी राज्य उलटते, आर्यक राजा होतो आणि चंदनकाला सर्व रक्षकांचा मुख्य नेमण्यात येते. पोलिसांच्या पुनर्रचनेचे आपल्या वाङ्मयातील हे पहिले चित्र म्हणावयास हरकत नाही. परंतु त्यातील उणीवही डोळ्यांआड करून चालणार नाही. चंदनक सज्जन आहे हे खरे, पण त्यास अधिकार मिळाला तो नव्या राजाचा उपकारकर्ता म्हणून. जुनी सोयरीक गेली, तिच्या जागी नवी मैत्री आली; नगरवासीयांना कोणी काही विचारले नाही.

पुढील काळातील लोकनाट्यानेही ही खूण सोडलेली नाही. वसंत सबनीस यांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधील सारी धमाल कोतवालीच्या रिकाम्या जागेभोवती फिरते. ती जागा कोणास मिळावी यासाठी काय काय खटपटी होतात, ते पाहून प्रेक्षक पोट धरधरून हसले. त्या हसण्यात एक कबुलीही होती: कोतवाल कामावर नेमला जात नसतो, वशिल्यावर नेमला जात असतो, हे त्या प्रेक्षकांतील प्रत्येकास ठाऊक होते.

आता तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' कडे वळू. पुण्याचा कोतवाल घाशीराम सावळदास याने कोंडलेले तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले आणि १७९१ साली जमावाने त्यास दगडांनी ठेचून मारले, हा इतिहास होय. या घाशीरामावर मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली मराठीत पुस्तक लिहिले होते. तेव्हा हा विषय मराठी गद्यास नवा नव्हता. १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रथम रंगभूमीवर आलेल्या या नाटकाने मात्र त्यास निराळेच वळण दिले. पुण्यात अपमान सोसलेला घाशीराम आपली मुलगी नानांच्या स्वाधीन करतो आणि मोबदल्यात कोतवाली मिळवतो. मेहुण्याची सोयरीक येथे सासऱ्याची झाली आणि तिचे व्यवहारी रूप उघडे पडले. मग प्रत्येक गोष्टीस परवाना लागू लागतो. चोरीचा संशय आलेल्या ब्राह्मणाच्या हातावर तापलेला गोळा ठेवला जातो. आणि आपल्या पोरीचा सूड घेता येत नाही म्हणून तिचा बाप शहराचा सूड घेतो. नाना हे सारे पाहतात. घाशीरामाच्या पापांचा धनी घाशीराम, आणि त्याच्या धाकाचा लाभ आपला, हे त्यांचे गणित असते. शहर खवळल्यावर ते तितक्याच शांतपणे त्याच्या मृत्यूच्या हुकुमावर सही करतात आणि उत्सव करावयास सांगतात.

या नाटकावर जो वादंग माजला तो बहुतेक नानांच्या अब्रूबद्दल आणि ब्राह्मणांच्या बदनामीबद्दल होता. आमच्या मते त्या वादाने नाटकातील सर्वांत मोलाची गोष्ट झाकून टाकली. रंगमंचावर बारा ब्राह्मणांची जी भिंत उभी राहते, तीच कधी पुणे शहर होते, कधी पडदा होते, कधी जमाव होते. जे लोक घाशीरामाचा जुलूम सोसतात, तेच त्याआधी बावनखणीकडे जाताना दिसलेले असतात. आणि शेवटी कोतवालाच्या मरणावर नाचतात तेही तेच. कोतवाल मारला गेला, पण कोतवाली जशीच्या तशी राहिली, कारण ती देणारा नाना जशाचा तसा राहिला. 'मोडून टाका' म्हणणाऱ्या पक्षाने हा अंक पुन्हा पाहावा. माणूस मोडणे आणि संस्था मोडणे या भिन्न गोष्टी आहेत, आणि जमावास बहुधा पहिलीच करता येते. नाटकातील दोष सांगावयाचा तर तो हा की, त्यात घाशीरामाचा बळी ठरलेल्या एकाही सामान्य माणसास स्वतःचे असे तोंड नाही. सारे पुणे एका भिंतीत चिणले गेल्यामुळे प्रेक्षकास नानांचा धूर्तपणा लक्षात राहतो. तापल्या लोखंडाने पोळलेला तो हात लक्षात राहत नाही.

ही उणीव तेंडुलकरांनीच अकरा वर्षांनी भरून काढली, असे वाटते. श्री. दा. पानवलकर यांच्या 'सूर्य' या कथेवरून गोविंद निहलानी यांनी १९८३ साली काढलेल्या 'अर्धसत्य' या हिंदी चित्रपटाची पटकथा त्यांची आहे. येथे कोतवालाच्या जागी अनंत वेलणकर हा सबइन्स्पेक्टर आहे. तो सोयरीक करू इच्छीत नाही, हीच त्याची शोकांतिका. प्रामाणिकपणे काम केल्यामुळे नोकरी धोक्यात येते, तेव्हा ती वाचवण्यासही वरपर्यंत पोचलेला मध्यस्थ लागतो. अपमान गिळता गिळता त्याचा राग कोठडीतील एका किरकोळ संशयितावर निघतो आणि तो इसम मरतो. आता ज्या रामा शेट्टीस पकडावयाचे, त्याच्याच दारी वेलणकर मदत मागावयास जातो. आणि तेथे त्याचा गळा आवळून स्वतः ठाण्यावर हजर होतो. पुष्कळ प्रेक्षकांनी या शेवटास टाळ्या दिल्या. त्या टाळ्या चित्रपटाच्या विरुद्ध होत्या. कोठडीत मेलेल्या माणसाचे प्रेत त्या टाळ्यांखाली दडपले गेले. बापाने आईस मारावे, मुलाने कैद्यास मारावे, अशी जी साखळी पटकथेने दाखवली आहे तिची शेवटची कडी रामा शेट्टी नव्हे, तो निनावी संशयित होय. सुधारणावाद्यांनी येथे थांबून विचार करावा: चांगला माणूस फौजदार केला की फौजदारी चांगली होते, ही समजूत वेलणकराच्या गोष्टीत पुरती कोसळते.

रंगभूमीवरून प्रत्यक्षात उतरावयास नागपूरकरांस फार दूर जावे लागत नाही. आपले पोलिसखाते ज्या १८६१ च्या कायद्यावर उभारले गेले, तो १८५७ च्या उठावानंतरचा. नेपियरने १८४३ नंतर सिंधेत आयर्लंडच्या धर्तीवर जे दल उभारले होते, त्याच वळणाचे दल साऱ्या हिंदुस्थानास हवे होते. जिंकलेल्या मुलखावर नजर ठेवणे हा त्याचा हेतू. लंडनमध्ये १८२९ साली पीलने नागरिकांसाठी उभारलेल्या पोलिसांशी त्याचे फार थोडे साम्य होते. या खात्याची पहिली मोठी तपासणी १९०२ साली नेमलेल्या ज्या कमिशनने केली, त्याचे अध्यक्ष सर अँड्र्यू फ्रेझर हे नागपूर राजधानी असलेल्या मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. पोलीस अकार्यक्षम आहेत, लाचखाऊ व जुलमी म्हणून त्यांची ख्याती आहे आणि लोकांचा विश्वास त्यांनी मुळीच मिळवलेला नाही, असा त्या कमिशनच्या अहवालाचा आशय होता. साहेबाने स्वतःच्याच सरकारविषयी काढलेले हे अनुमान आज सव्वाशे वर्षांनी वाचताना परके वाटत नाही, ही शरमेची गोष्ट होय.

याच नगरीतील दोन दिवस शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनावर गोवारी समाजाचा मोर्चा आला. पोलिसांनी लाठ्या चालवल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुले पुष्कळ होती. आज तेथील उड्डाणपुलास गोवारी शहिदांचे नाव आहे. दुसरा दिवस १३ ऑगस्ट २००४. कस्तुरबानगर या बहुसंख्य दलितांच्या वस्तीस दहा वर्षांहून अधिक काळ छळणारा अक्कू यादव नावाचा गुंड जिल्हा न्यायालयातच जमावाकडून मारला गेला. वस्तीतील शेकडो स्त्रिया त्यात होत्या असे सांगितले गेले. आम्हां सर्वांनाच अटक करा, असे म्हणून बायका पुढे आल्या. पुढे २०१४ साली आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. या गुंडास पोलिसांचे अभय होते आणि त्याच्याविरुद्ध तक्रार देणाऱ्याचे नाव त्याच्या कानी जाई, असे वस्तीचे म्हणणे होते.

पहिल्या दिवशी पोलीस हजर होते, कारण राज्यकर्ते आत बसले होते. कस्तुरबानगरात त्या सबंध दशकात ते गैरहजर होते, कारण तेथे कोणी राज्यकर्ता राहत नव्हता. जी संस्था एका जागी इतकी दाट आणि दुसऱ्या जागी इतकी विरळ, तिचा दोष संख्येचा नाही, तोंडाच्या दिशेचा आहे. शूद्रकाने आणि तेंडुलकरांनी जिला सोयरिकीचे रूप दिले, तीच ही. आणि 'पोलीस नसतील तर काय होईल?' या प्रश्नाचे उत्तरही कस्तुरबानगरने दिले आहे. तेथे पोलीस वस्तुतः नव्हतेच. त्या रिकाम्या जागी प्रथम गुंड बसला आणि मग जमाव आला. त्या बायकांस दोष देण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु त्या घटनेवर पुढे 'टू हंड्रेड – हल्ला हो' (२०२१) सारखे जे चित्रपट निघाले, त्यांत सूडाचे समाधान इतके भरून राहते की, त्या बायकांस अशा थरास का जावे लागले हा प्रश्न मागे पडतो. येथे मृच्छकटिकाचा दहावा अंक आठवावा. शकार हाती सापडला आहे, लोक त्यास मारा म्हणून ओरडत आहेत, आणि ज्याचा जीव तो घेणार होता तो चारुदत्त त्यास अभय देतो. हे अभय देणे चारुदत्तास परवडले, कारण त्या क्षणी राजा बदलला होता आणि शकाराची सोयरीक तुटली होती. कस्तुरबानगरच्या बायकांपुढे तसा राजा बदललेला नव्हता. अभय देण्याची चैन ज्याला न्यायाचा भरवसा आहे त्यालाच करता येते.

मग सोयरीक तुटावी कशी? त्याचे एक उदाहरण विदर्भाच्याच वाट्यास आलेले आहे. 'घाशीराम' रंगभूमीवर आले त्याच वर्षी, २६ मार्च १९७२ रोजी, त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची फिर्याद आली. आरोपी ठाण्यातील पोलीसच होते. सेशन कोर्टाने त्यांस सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी ठरवले. आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरड नाही, तेव्हा संमती होती, असा त्या निकालाचा सूर. पुढील वर्षी उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चार कायद्याच्या अध्यापकांनी सरन्यायाधीशांस एक उघडे पत्र लिहिले. त्यांनी केले ते काम मूलतः टीकाकाराचे होते: एक लेख समोर ठेवला, त्यातील प्रत्येक शब्द तपासला आणि 'संमती' व 'शरण जाणे' या दोहोंतील अंतर दाखवून दिले. त्या पत्रातून देशभर चळवळ उठली आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने ते खरे धरून चालावे, असे ठरले. येथे कोणी कोतवालास दगड मारला नाही. कोतवालाच्या कोठडीतील अंधार हा आता त्याच्या बाजूचा साक्षीदार राहिला नाही, एवढेच झाले. एवढेच म्हणताना ते थोडे नव्हे हेही सांगितले पाहिजे.

नागपूरपासून जवळच असलेल्या सेवाग्रामी राहणाऱ्या गांधीजींनी १९४० साली 'हरिजन' मध्ये आपल्या कल्पनेतील पोलीसदलाचे वर्णन केले होते. अहिंसक राज्यातही पोलीस लागेल, हे आपल्या अहिंसेचे अपुरेपण होय, असे त्यांनी मोकळेपणी मान्य केले. पण तो पोलीस लोकांचा धनी नसून चाकर असेल, अशी अट घातली. ज्या पुरुषाकडून 'मोडून टाका' या उत्तराची सर्वांत अधिक अपेक्षा करावी, त्याने ते दिले नाही. त्याने मालक बदलावयास सांगितले.

मालक बदलण्याचे प्रयत्न झालेच नाहीत असे नाही. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाश सिंग यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने सात आदेश दिले: मोक्याच्या अधिकाऱ्यांस दोन वर्षांची निश्चित मुदत, तपासाचे काम बंदोबस्तापासून वेगळे, बदल्यांसाठी मंडळ, तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण, इत्यादी. महाराष्ट्राने २०१४ साली आपल्या कायद्यात त्यासाठी दुरुस्ती केली. कागदावर हे सारे सोयरीक तोडण्यासाठीच आहे. परंतु सरकारचा गैरवाजवी दाब पोलिसांवर पडू नये म्हणून जो सुरक्षा आयोग नेमावयाचा, त्याच्या अध्यक्षस्थानी कायद्याने बसवला तो राज्याचा गृहमंत्रीच! घाशीरामाच्या जुलमाची चौकशी नानांनी करावी, तसलाच हा प्रकार नव्हे काय? आज सुधारणा या नावाखाली आपल्यास जे मिळते, त्यात सोटा नवा असतो, गणवेश नवा असतो, कधी कधी कायद्याचे नावही नवे असते. पण लग्नाची गाठ सैल होते, सुटत नाही.

म्हणून तीन पक्षांतून निवड करावयाची तर आमचे मत दुसऱ्या पक्षास आहे, आणि तेही एका अर्थानेच. नवे पोलीस म्हणजे अधिक सज्जन पोलीस नव्हेत. वेलणकर सज्जनच होता. नवे पोलीस म्हणजे जुन्या राजाचा सोयरा काढून नव्या राजाचा मित्र बसवणे नव्हे. चंदनकाचे तेच झाले. ज्या ठाण्याच्या फौजदारास आपल्या बढतीसाठी वर पाहावे लागते तितकेच आपल्या कामाच्या जाबासाठी वस्तीकडे पाहावे लागेल, तक्रार ऐकणारा त्याच्या खात्याचा नसेल आणि त्यास नेमणाराचाही नसेल, ते ठाणे नवे. आमच्या वाङ्मयाने सोयरीक ओळखली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. परंतु कालिदासाच्या कोळ्यास राजाच्या स्मृतीने वाचवले, चारुदत्तास राज्यक्रांतीने, आणि पुण्यास जमावाने. कोळी स्वतः उभा राहून नगररक्षकास जाब विचारतो आणि नगररक्षकास तो द्यावा लागतो, असा प्रवेश मराठीत अजून कोणी लिहिलेला आमच्या पाहण्यात नाही. तो लिहावयास लेखक समर्थ आहेत. मात्र त्यासाठी त्यांस मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांपेक्षा कस्तुरबानगरच्या गल्ल्यांत आणि देसाईगंजच्या रस्त्यावर अधिक दिवस काढावे लागतील.